आधी पाय दाखव

माझ्या दुकानात मासे गरवायची काठी घ्यायला कोणी आलं, की जनूकाका सगळ्यात आधी त्याचे पाय बघायचे. तोंडाकडे नंतर. गिऱ्हाईक भिंतीवरच्या काठ्यांकडे मान वर करून बघत असायचं आणि जनूकाका दाराजवळच्या स्टुलावर बसून त्याच्या बुटांकडे मान खाली घालून. मग म्हणायचे, "पाय दाखव."

"काय?"

"पाय रे. तळवा वर कर. घोड्याचा नाल बघतात तसा."

बहुतेक माणसं हसायची आणि करायची. एका हाताने काउंटर धरून, एक पाय मागे उचलून उभी राहायची. जनूकाका बुटाच्या तळव्यावर अंगठा फिरवायचे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मान हलवायचे. "ह्या बुटांवर तू लग्नाला जा. खडकावर नको."

जनूकाका दुकानात यायचे बंद होऊन आता दोन पावसाळे झाले. अजूनही दर शनिवारी कोणीतरी येतं आणि विचारतं, "कमी खर्चात चांगलं काय घेऊ?" मी जे उत्तर देतो ते शब्दन् शब्द त्यांचं असतं. आधी पाय, मग दोरा, मग गरी, सगळ्यात शेवटी काठी. माणसं म्हणतात, तुम्हाला बरीच माहिती आहे. मी मान डोलावतो. जनूकाकांचं नाव मी घेत नाही. का घेत नाही, ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

गळाला आमच्याकडे गरी म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला गरवणं. मी स्वतः आयुष्यात ताटातला सोडून एकही मासा धरलेला नाही. दुकान वडिलांचं, रत्नागिरीत बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोरखंड, होडीचे खिळे, रंग, बागेत फवारणीचे पंप, असलं सामान. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्या-कोल्हापूरकडची माणसं सुट्टीला गाड्या घेऊन गरवायला येऊ लागली. मोबाईलवर बघून त्यांना नाद लागलेला. ती माणसं दुकानात येऊन काठ्या, रिळं विचारायची, म्हणून मी एक भिंत रिकामी करून तो माल ठेवला. मालाची मला काही माहिती नव्हती. खोक्यावर जे लिहिलेलं असे ते मी वाचून दाखवत असे.

जनूकाका पूर्णगडचे. मचव्यावर, मासेमारीच्या मोठ्या होडीवर, तांडेल होते, म्हणजे मचवा त्यांच्या हुकमावर चालायचा. गुडघे गेले तसे मचवा सोडून घरी बसले. घरी बसवेना म्हणून सकाळच्या एसटीने शहरात यायचे आणि वडिलांच्या वेळच्या ओळखीने दुकानात टेकायचे. ठेंगणे, डोईचे केस बारीक कापलेले, खाकी अर्धी पँट. शर्टाच्या खिशात कापसाचा बोळा, लाल दोरा आणि तपकिरीच्या जुन्या डबीत चार गऱ्या. उजव्या हाताच्या तर्जनीवर एक खोल खाच होती. चाळीस वर्षं त्या बोटावरून दोरा धावला होता. बोलताना ते त्या खाचेत अंगठ्याचं नख फिरवत बसायचे.

एकदा मी एका पोराला एक लांबलचक काठी कशी दणकट आहे ते सांगत होतो. जनूकाका उठले, माझ्या हातातून काठी घेतली, खिशातला कापूस काढला आणि काठीवरच्या कड्यांमधून, ज्यांतून दोरा जातो त्या कड्यांमधून, एकेक करून फिरवला. तिसऱ्या कडीत कापसाचा तंतू अडकला.

"बघ. चीर हाय. डोळ्याला दिसत नाय, दोऱ्याला कळते. मासा लागला की हिथंच तुटणार. मग घरी जाऊन सांगशील, केवढा मोठा होता."

मग रिळाचा दांडा कानाशी धरून फिरवला. "वाळू वाजते. दुसरं दे, सुध्या."

माझं नाव सुधीर. पन्नाशीला आलो तरी दुकानात येणाऱ्या माणसांसमोर मी सुध्याच होतो. त्या दिवशी मला राग आला होता. पण तो पोरगा पुढच्या शनिवारी तीन मित्र घेऊन आला आणि आत शिरताच त्याने विचारलं, "ते आजोबा आहेत ना?" तेव्हापासून स्टूल त्यांचं झालं.

त्यांचं शास्त्र साधं होतं. नायलॉनचा दोरा, आमच्याकडचा तंगूस, उन्हात ठेवायचा नाही. माझ्या काचेच्या कपाटात रंगीत रिळं ओळीने मांडलेली होती. ती सगळी त्यांनी एका दुपारी उचलून खालच्या अंधाऱ्या खणात टाकली. "ऊन खाल्लेला तंगूस आणि उपास करणारा भाऊ, दोन्ही ऐन वेळेला पडतात." गरीचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं. घसरली तर बोथट, रुतली तर चांगली. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. काठीला जास्त पैसे घालू नकोस, मासा काठी चावत नाही. परदेशी रबरी मासे आणले होते मी, पाठीवर निळे-सोनेरी पट्टे असलेले. ते बघून म्हणाले, "मासा खालनं वर बघतो. त्याला दिसतं पोट. पोट तर पांढरं फटक ठेवलंय. मग पाठीवरचा रंग कोणासाठी, सुध्या?" त्याऐवजी ते कोंबडीवाल्याकडून पांढरी पिसं आणायचे आणि गरीला लाल दोऱ्याने बांधून द्यायचे. बांगडा त्या पिसाला हमखास भुलतो म्हणायचे. पिसाच्या गऱ्या ते फुकट वाटत. माझे रबरी मासे अजून तिथेच टांगलेले आहेत.

पायांचं वेड त्यांच्या आईकडून आलेलं. ती खडकावरची कालवं काढायला जायची, तेव्हा पायांना सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, गुंडाळायची. शेवाळलेल्या खडकावर रबर सरकतं, चामडं सरकतं, ओला काथ्या धरून राहतो. जनूकाकांनी त्या सुंभाचे तळवे विणायला सुरुवात केली. कुठल्याही बुटाखाली बांधायचे, वर घोट्याला गाठ. दिसायला अगदी गबाळे. गिऱ्हाइकाचा पाय बघून ते नंबर विचारायचे आणि पिशवीतून जोड काढायचे.

एकदा निवृत्त मास्तरांची बायको आली. मास्तरांच्या वाढदिवसाला काठी हवी होती.

"वहिनी, मास्तरांना नाद हाय काय गरवायचा?"

"कसला नाद? घरात बसून मला फोडणी कशी द्यायची ते शिकवतात. मासा नाही मिळाला तरी चालेल, पण संध्याकाळपर्यंत घरी यायला नकोत."

जनूकाका इतके हसले की खोकला लागला. मग मात्र गंभीर होऊन त्यांनी मास्तरांचं वय विचारलं, नजर विचारली, बुटांचा नंबर विचारला. दुकानातली सगळ्यात हलकी काठी काढून दिली आणि सांगितलं, "खडकावर नाय पाठवायचं त्यांना. खाडीवरच्या जेटीवर बसवा. तिथं कठडा हाय, आणि चहावाला हाय. मासा नाय लागला तर चहा लागेल." मास्तर अजूनही जातात जेटीवर. एक मासा लागल्याचं ऐकिवात नाही.

पुण्याचा एक तरुण मोबाईलवर यादी घेऊन आला होता. यादी वाचता वाचता माझे डोळे चमकले, एवढा माल एका माणसाला मी महिन्यात विकत नव्हतो. जनूकाकांनी यादी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली आणि प्रत्येक वस्तूनंतर एकच विचारलं, "ही नसली तर मासा पळेल, की तू पडशील?" मुलगा गोंधळला. शेवटी तो एक मध्यम काठी, एक रीळ, चांगला तंगूस, वीस गऱ्या आणि सुंभाचे तळवे घेऊन गेला. मी घुश्शात होतो. "काका, तुम्ही माझ्या बाजूला आहात की त्याच्या?"

"तुझ्याच रे. पण तो माझ्या शब्दावर खडकावर जाणार. पडला तर त्याची आई तुला नाय, मला विचारेल."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून सोडलं होतं.

शब्दाची गोष्ट त्यांच्यासाठी थट्टेची नव्हती. पूर्णगडात एक रीत होती. पावसाळ्यातल्या बंदीनंतर नारळी पौर्णिमेला मोसम सुरू व्हायचा, तेव्हा नव्या दोऱ्याला पहिली गरी जनूकाका बांधायचे. सगळ्या वाडीतले लोक आपापले दोरे घेऊन त्यांच्या अंगणात बसायचे. दुपारपर्यंत ते गाठी मारत आणि प्रत्येक गाठ दातांनी ओढून बघत. त्या दिवशी ते दुकानात येत नसत. दुसऱ्या दिवशी यायचे ते ओठ सुजलेले घेऊन आणि चेहरा उजळलेला.

आता गमबुटांचं सांगतो.

मासे गोठवणाऱ्या एका कारखान्याने माझ्याकडे साठ जोड रबरी गमबूट मागवले होते. माल आला आणि कारखाना बंद पडला. ते साठ जोड दोन वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत पडून होते. मी एकदा ते गरवणाऱ्यांच्या भिंतीखाली आणून मांडले. जनूकाकांनी ते त्याच दिवशी परत आत नेऊन टाकले.

"हे बागेत. साप चावू नये म्हणून. खडकावर नाय. खालनं सरकतात, आणि लाट आली की वरनं भरतात. भरलेला गमबूट घेऊन कोण पोहेल?"

"लोकच मागतात, काका. पाण्यात घालायचे बूट म्हणून."

"लोक मागतील. त्यांना समुद्र काय माहीत? तुला तरी माहीत पायजे."

संपतराव कोल्हापूरकडचे, साखर कारखान्यात कारकून. महिन्यातून दोनदा मेहुण्याला घेऊन यायचे. आल्या आल्या दारातूनच आरोळी, "काय काका, आज समुद्र घरात हाय न्हवं?" दुकान भरून जायचं त्यांच्या आवाजाने. जनूकाकांचा जीव होता त्यांच्यावर. त्यांच्या पायांसाठी त्यांनी खास रुंद तळवे विणले होते, कारण संपतरावांचे पाय, ते स्वतःच म्हणायचे तसे, "भाकरीएवढे" होते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ते आले. मेहुणा बाहेर गाडीतच बसून होता. जनूकाका स्टुलावर होते. संपतराव आज जरा हळू आवाजात माझ्याकडे येऊन म्हणाले, "सुधीरशेठ, पाण्यातले बूट दावा की एखादे. बरे दिसणारे. गेल्या खेपेचे फोटो बघून घरची हसत्यात ओ. पायाला चिंध्या बांधल्यात म्हणत्यात. मेहुणा तर गाडीत बसून अजून हसतोय."

मी स्टुलाकडे पाहिलं. जनूकाका पिसाला दोरा गुंडाळत होते. त्यांना ऐकू गेलं होतं का, मला माहीत नाही. वयाने त्यांना थोडं कमी ऐकू यायचं.

मी म्हणालो, "काका, जरा तीन चहा सांगून येता? स्वतःच उभे राहून आणा, तो पोऱ्या पाणी घालतो."

त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग संपतरावांच्या पायांकडे. संपतराव चपलांवर होते. जनूकाका गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि गेले. चहाचं दुकान चौकापलीकडे होतं, त्यांच्या चालीने जाऊन येऊन पंधरा मिनिटं. ते चहा घेऊन परत आले तेव्हा संपतराव गेले होते आणि मागच्या खोलीत एकोणसाठ जोड उरले होते.

"गेले?"

"घाई होती त्यांना."

जनूकाकांनी संपतरावांचा चहा थंड होईपर्यंत काउंटरवर तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णगडच्या किल्ल्याखालच्या खडकावरून संपतराव गेले. मेहुणा वरच्या बाजूला गरीला आमिष लावत होता. लाट मोठी नव्हती, असं तो म्हणाला. गुडघ्याएवढी. पाय सरकला, ते बसले, उठायला गेले आणि उठताच येईना. दुसरी लाट आली. ते तिसऱ्या दिवशी सापडले तेव्हा एक बूट पायात होता.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं, आणि तो अपघातच होता. मी स्वतःला तेच सांगत राहिलो. जनूकाका त्या तीन दिवसांत दुकानात आले नाहीत. होडी घेऊन शोधणाऱ्यांमध्ये ते होते, असं नंतर कळलं.

दिवस झाल्यावर मेहुणा आणि संपतरावांचे थोरले भाऊ दुकानात आले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. जनूकाका स्टुलावर होते. थोरल्या भावाने पिशवीतून तो एक गमबूट काढून काउंटरवर ठेवला. आत माझ्या दुकानाची चिकटपट्टी अजून होती. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मला बरं झालं असतं.

"आम्ही भांडाय आलेलो न्हाई," ते म्हणाले. "फकस्त एवढं इचारायचंय, ह्यो बूट घालून खडकावर जा म्हणून त्याला कुणी सांगितलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून बरंच काही गेलं. दुकान, भिंत, शनिवार, मोबाईलवरचा गरवणाऱ्यांचा ग्रुप, वडिलांचा फोटो. आणि मी म्हणालो, "इथं सामान काय घ्यायचं ते जनूकाका सांगतात. मी फक्त काढून देतो."

सहा वर्षांतल्या एका दिवसाखेरीज हे वाक्य खरं होतं. म्हणून ते माझ्या तोंडातून इतकं सहज आलं. मेहुण्याने लगेच मान हलवली. "व्हय, ते म्हातारंच सांगतंय समद्यांना."

मला वाटलं, आता जनूकाका बोलतील. ते चहाला गेले होते, त्यांना कोणी पाठवलं होतं, गमबूट कोणी आत नेऊन टाकले होते, सगळं सांगतील. दुकानातली दोन गिऱ्हाइकं तरी त्यांच्या बाजूने साक्ष देतील. मी काउंटरची कड घट्ट धरून उभा होतो.

जनूकाका उठले. भावासमोर जाऊन हात जोडले. म्हणाले, "माझीच चूक झाली. मी त्याचे पाय बघायला हवे होते. चपला बघितल्या होत्या, आणि तरी उठून गेलो."

भावांनी काउंटरवरचा बूट उचलला. मग तो बूट त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "ऱ्हाऊंद्या तुमच्याजवळ." आणि दोघं निघून गेले.

गिऱ्हाइकंही एकेक करून गेली. आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "काका..."

त्यांनी खिशातला कापूस, दोरा आणि तपकिरीची डबी काढून काउंटरवर ठेवली. बूट काखेत धरला.

"येतो मी, शेठ. तुमचं चालू द्या."

त्यांनी मला शेठ म्हटलं. तुम्ही म्हटलं. शिवी दिली असती तर मी ती विसरलो असतो.

पुढचं सगळं माझ्याशिवायच घडत गेलं, आणि मी ते घडू दिलं. गरवणाऱ्यांचा मोबाईलवर ग्रुप आहे, त्यात मीही आहे. तिथे एकाने लिहिलं, दुकानातल्या म्हाताऱ्याने चुकीचे बूट दिले, माणूस गेला. खाली चाळीस जणांनी हात जोडले. मी तीनदा लिहायला घेतलं. "बूट मी दिले." एवढे तीन शब्द. तीनदा पुसले. बातमी पूर्णगडला माझ्याही आधी पोहोचली. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला जनूकाका सकाळी अंगणात पाट टाकून बसले होते, असं त्यांच्या शेजारच्या बाईने मला नंतर सांगितलं. दोरा घेऊन कोणी आलं नाही. सख्ख्या पुतण्याने गरी दुसऱ्याकडून बांधून घेतली. दुपारी त्यांनी पाट उचलला.

उरलेले एकोणसाठ जोड मी फेकले नाहीत. बागायतदारांना विकले. सापासाठी चांगले असतात म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षीचा पावसाळा सरल्यावर, थंडीत, एका रविवारी, मी पूर्णगडला गेलो. सांगायला गेलो होतो. काय सांगायचं ते गाडीत मोठ्याने बोलून बघितलं होतं. त्यांच्या घरी शेजारीण म्हणाली, "किल्ल्याकडं असतील. दर ऐतवारी तिकडंच बसतात."

किल्ल्याखालून खडकाकडे जाणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी एक उंडीचं झाड आहे. त्याखाली ते बसले होते. समोर तो एक गमबूट, काठोकाठ पाण्याने भरलेला. बाजूला सुंभाच्या तळव्यांची रास. काठ्या घेऊन चाललेल्या तिघा पोरांना ते थांबवत होते.

"पाय दाखवा रे. हा बूट उचलून बघ. बघ तर. एका हातानं उचल."

एकाने उचलला. पाणी सांडलं, बाकीचे दोघं हसले. "आजोबा, किती द्यायचे?"

"काय नको. नुसते बांधा. परत येताना ठेवून जा."

पोरांनी तळवे बांधले. एकाने वाकून नमस्कारही केला. मी दूरच उभा होतो. त्यांच्यासमोर जायला पाय उचलेना, म्हणून वरच्या बाजूने, करवंदीच्या जाळीतून, वळणापलीकडे उतरलो. तिथे मला ते तळवे दिसले. वळण ओलांडून जनूकाकांच्या नजरेआड होताच माणसं तळवे सोडून जाळीत फेकत होती. सकाळपासूनचे असावेत. काही जाळीवर लोंबत होते, काही मातीत. ती तीन पोरंही आली, वाकली, गाठी सोडल्या आणि हसत हसत फेकून पुढे गेली. मी त्यांना थांबवलं नाही. खडक कोरडे होते, समुद्र शांत होता, मी स्वतःला म्हणालो.

जाळीच्या कडेला एक जोड पडला होता, बाकीच्यांपेक्षा रुंद. हात लावून बघितला. घट्ट वीण, घोट्याच्या गाठीत लाल दोरा. मी तो उचलला आणि माझ्या पिशवीत टाकला. का, ते धड सांगता येत नाही. त्यांच्या हातचं काहीतरी माझ्याकडे असावं असं वाटलं असेल. मग तिथेच एका दगडावर बसून राहिलो. वर जायचा धीर होईपर्यंत संध्याकाळ व्हायला आली. गरवणारे एकेक करून परतले.

मग पायवाटेने जनूकाका उतरत आले. एका हातात काठी, खांद्यावर रिकामं पोतं. वळण ओलांडून ते सरळ जाळीकडे वळले. त्यांना सगळं माहीत होतं. काठीने फांद्या बाजूला करून ते तळवे काढू लागले. माती झटकायची, दोन जुळवायचे, पोत्यात टाकायचे. हाताला काटे लागत होते. मध्येच त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"शेठ? चपलांवर आलात?"

"तुम्हाला भेटायला आलो होतो, काका."

"हो काय." ते परत वाकले. "जरा थांबा. एवढं होऊ दे."

मी उठून मदत करायला गेलो. ते म्हणाले, "नको. तुम्हाला जुळणी कळणार नाय." मी उभा राहिलो. त्यांनी पोत्यातले जोड मोजले, मातीवर एकेक मांडून. परत मोजले.

"सकाळी नऊ जोड दिले," ते म्हणाले. "आठ मिळाले."

ते जाळीच्या पलीकडे गेले, गुडघ्यावर बसून आत हात घालून चाचपलं, खालच्या उतारावर बघून आले. परत आले तेव्हा धापा टाकत होते, पण तोंडावर काहीतरी उजळलं होतं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुकानात यायचे तसं.

"एक नाय. रुंदवाला." त्यांनी खडकांकडे हात केला. "कोणीतरी घालून गेला, शेठ. दीड वर्षात पहिला. पायात घालूनच घरी गेला बघा."

पिशवी माझ्या खांद्याला होती. तिच्यात तो जोड होता. मी एक खरं सांगायला आलो होतो, आता सांगायची दोन झाली होती.

"होय, काका," मी म्हणालो. "घालूनच गेला असेल."

"मंग मला आज रुंद जोड विणायला हवा. पुढच्या ऐतवारला कमी पडेल."

त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि काठी टेकत चढ चढायला लागले. वर उंडीपाशी पोहोचल्यावर त्यांनी गमबूट उचलला, पाणी झाडाच्या बुंध्यात ओतलं, आणि तो काखेत मारून, दुखरे गुडघे विसरल्यासारखे, भरभर घराकडे निघाले.